गोलात कोण उभं राहणार

हळद शिजायला लागली. कालपासून गावाच्या खालच्या अंगाला कुकरची वाफ सुटते आहे आणि तिचा वास माझ्या दारापर्यंत येतो. ज्यांनी तो कधी घेतला नाही त्यांना सांगते, पाऊस पडून गेलेल्या मातीत कुणी रताळी उकडत ठेवावीत तसा तो असतो. लग्न होऊन या गावात आले तेव्हापासून घेते आहे. पूर्वी हा वास आला की वर्षाचं पीक हाताशी आलं म्हणून बरं वाटायचं. आता तो नकोसा वाटतो. मागच्या वर्षापासून.

शाळेचं मैदान माझ्या ओट्यासमोर आहे. जमीन सपाट आणि टणक, म्हणून या दिवसांत गावातली अर्धी हळद तिथंच वाळत पडते. त्याला कुणी परवानगी मागत नाही आणि कुणी हरकत घेत नाही. उरलेल्या अर्ध्या मैदानावर पोरी फुटबॉल खेळतात. चेंडू हळदीत गेला की पिवळा होऊन येतो, मग तो ज्या हाताला, कपाळाला लागेल तेही पिवळं. दुसऱ्या अंगाला वाळलेली हळद घासणारा पॉलिशचा ड्रम फिरत असतो, त्याची भुकटी वाऱ्यावर उडते. पंधरा दिवसांत झाडांची पानं, कुत्री, माणसं, सगळी एका रंगाची होतात. लग्नाच्या नवरीला एक दिवस हळद लागते, आम्हाला दोन महिने.

फुटबॉल आमच्याकडे जोंधळे सरांनी आणला. बदली होऊन आले तेव्हा त्यांच्या पिशवीत चेंडू होता. पोरांनी त्याला चार लाथा मारल्या आणि क्रिकेटला निघून गेले. पोरी राहिल्या. मी ओट्यावर शेंगा फोडत बसायची आणि म्हणायची, हे काय थेर चाललंय. पण समोर रोज घडतं ते माणूस किती दिवस न बघता राहील? घरात मी एकटी. मुलगा-सून वसमतला. बघता बघता कळायला लागलं, आणि कळायला लागल्यावर तोंड गप्प बसेना.

मी चौथी शिकले. फुटबॉलातलं मला काय कळतं असं कुणी विचारलं तर विचारू दे. मला एवढं दिसलं, की चेंडू जिकडं जाईल तिकडं सगळ्या पोरी धावतात. एक दिवस सरांना म्हटलं, "सर, तुमच्या पोरी डुकरामागं पळून राहिल्या."

"कोणतं डुक्कर, मावशी?"

"रानडुक्कर. ते पिकात शिरलं की येडं माणूस त्याच्यामागं पळतं आन् स्वतःच पीक तुडवतं. शाणं माणूस धुऱ्यावर, शेताच्या बांधावर जाऊन उभं राहतं, जिथून ते जाणार तिथं."

सर हसले. दुसऱ्या दिवशी त्यांनी तीन पोरी मागं ठेवल्या आणि सांगितलं, शेताची हद्द राखतो तशी ही हद्द राखायची. तेव्हापासून आमच्या पोरी मैदानात एकमेकींना ओरडतात, "धुरा धर! धुरा धर!" वसमतच्या पोरींना काही समजत नाही. आमच्यावर पाच-पाच गोल व्हायचे, ते एक-दोनावर आले.

दुसरं माझं मत सरांना अजून पटलेलं नाही. आमच्या पोरी अर्ध्या मैदानावर शिकलेल्या. चेंडू जवळच्या जवळ द्यायचा, हळदीत जाऊ द्यायचा नाही, ही सवय अंगात मुरलेली. तालुक्याला पूर्ण मैदान मिळालं की सर म्हणतात, लांब मारा, पसरा, धावा. मी म्हणते, ज्या बैलाला कोळपं माहीत त्याला एकदम शर्यतीला जुंपू नका. जवळ-जवळ खेळा, समोरची दमू द्या. यावर आमचं दर वर्षी भांडण होतं. "मावशी, तुमीच या मंग शिट्टी घेऊन," असं ते म्हणतात. शिट्टी मिळाली तर घेईनही.

पण मागं कितीही धुरा धरला तरी गोलात कुणीतरी उभं असावं लागतं. ते आमच्याकडे नव्हतं. चेंडू अंगावर आला की पोरगी तोंड फिरवायची. शिकवून जात नाही ते, अंगात असावं लागतं.

काजल मला विटांवर सापडली. आमच्या गल्लीत एकाचं घरकुल बांधणं चाललं होतं. खालून एक गडी दोन-दोन विटा वर फेकत होता आणि परांचीवर उभी एक पोरगी त्या झेलत होती. तांड्यावरची, शाळेत सातवीला. वीट हातात येताना ती हात मागं घ्यायची, लहान लेकरू झेलावं तसं. आवाज व्हायचा नाही. गड्यानं मस्करी म्हणून एक वीट बाजूला फेकली तर ती एका पायावर वाकली आणि तीही झेलली. मी तशीच सरांकडे गेले. म्हटलं, "सर, गोलात उभी राहणारी पोरगी भेटली. तुमी शाळेत शोधून राहिले, ती परांचीवर उभी हाय."

पहिल्याच आठवड्यात तिनं गोल असा राखला की सर माझ्या ओट्यावर येऊन बसले, मागून घेऊन दोन कप चहा प्यायले आणि गेले.

तिची आई केसरबाई. दिवाळी झाली की तांड्यावरची बहुतेक घरं ऊसतोडीला सांगलीकडं जातात ती चैत्रात परततात. काजलही जायची. कोपीवर, पाचटाच्या झोपडीत, स्वयंपाक करायची, धाकट्या भावाला सांभाळायची. म्हणजे ऐन सामन्यांच्या वेळी आमचा गोल रिकामा. मी तांड्यावर गेले.

"केसर, पोरगी माझ्याजवळ ठेव. शाळाबी होईल."

"मावशी, वयात आलेलं लेकरू. मी तिकडं उसात, इथं काही झालं तर?"

"काय होणार हाय? माझ्या डोळ्यासमोर राहील चोवीस घंटे. मी जबान देते."

असं मी म्हटलं. तिथं बसलेल्या पाच-सात बायांच्या देखत. आमच्याकडे दिलेली जबान कागदावर नसते, म्हणून ती फाडताही येत नाही.

त्या दिवाळीपासून काजल माझ्याकडे राहिली. पहाटे झाडलोट, मग शाळा, संध्याकाळी मैदान. सुट्टीच्या दिवशी पॉलिशवर जायची. बोलायची कमी, खायची चांगली. तीन भाकरी. मी चिडवायची, "गोल राखते का कोठार भरते?" ती म्हणायची, "आजी, रिकामं पोतं उभं राहत न्हाई."

माघात ती एका भाकरीवर आली. मग अर्धी. एक दिवस ताटावरून उठून गेली, म्हणाली वास येतो. मी म्हटलं, "नखरे करू नको. हळदीच्या गावात हळदीचा वास येणारच." संध्याकाळी मैदानात ती खांबाला टेकून उभी राहायला लागली. चेंडू येऊन जायचा आणि ती मग वाकायची.

आता माझी अक्कल बघा. मी त्यावर विचार केला तो असा: पोरगी चुकीच्या जागी उभी राहते. मी सरांना सांगितलं, तिला दोन पावलं पुढं काढा. दोन दिवसांनी म्हटलं, कौतुक जास्त झालं, डोक्यात हवा गेली. मग म्हटलं, वनिताला तयार करा, म्हणजे ही सुधारेल. वनिता दहा घरं सोडून राहणारी, आडदांड. सरही म्हणाले, "व्हय मावशी, काहीतरी चुकून राहिलं तिचं." आम्ही दोघं ओट्यावर बसून तिच्या उभं राहण्याचे दोष काढत होतो आणि ती आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडली होती. दिवसाढवळ्या. कधी न निजणारी पोरगी.

माझ्या हातांकडे मी आज बघते तर नखं पिवळी आहेत. तळवे पिवळे आहेत. तेव्हा तिचेही होते. यात वेगळं दिसणार काय?

वसमतच्या सामन्यात आमच्यावर चार गोल झाले. तिसऱ्याला तर तिनं हातच उचलले नाहीत. मी कडेला उभी राहून ओरडले, "झोपली का गं? तुझ्या मायनं याच्यासाठी ठेवलं का तुला?" सगळ्या मैदानानं ऐकलं. तिनं माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा समोर वळली.

सामना संपल्यावर पोरी नळावर गेल्या. साबणानं हात-तोंड घासलं. समोरच्या संघाच्या बाई तिथं होत्या, शहरातल्या. त्या माझ्याजवळ आल्या.

"आजी, या मुलीचे डोळे बघितले का?"

आमच्या पोरी हसायला लागल्या. वनिता म्हणाली, "मॅडम, आमी हळदीच्या गावचे. आमी सगळेच पिवळे!"

मीही हसले. हे मी लपवत नाही, मीही हसले.

बाई हसल्या नाहीत. त्यांनी काजलची हनुवटी धरली, तिला उजेडाकडे वळवलं आणि म्हणाल्या, "आजी, डोळ्यांच्या आत हळद कशी जाईल?"

तेव्हा मी बघितलं. चेहरा साबणानं उजळला होता, डोळे नव्हते. पांढरं असतं तिथं हळदीच्या पाण्यासारखं. रोज दोन वेळा मी त्या डोळ्यांसमोर ताट ठेवत होते.

तालुक्याच्या दवाखान्यातून मोठ्या दवाखान्यात पाठवलं. डॉक्टर तरुण होते. विचारलं, किती दिवसांपासून जेवत नाही? सांगता येईना. लघवी कशी होते? ठाऊक नाही. पाणी कुठलं पिते? हे तेवढं सांगता आलं. गावाकडून फोन आला, कुणीतरी म्हणालं, कावीळ उतरवणाऱ्याकडे आणा, हातावर चुना चोळून पिवळं पाणी काढतो. म्हटलं, हळदीच्या हाताला चुना लागला तर कुंकू होतं, कावीळ उतरत नाही. फोन ठेवला. माझा राग त्याच्यावर नव्हता.

डॉक्टर म्हणाले, कावीळ बरी होते, पण हिची फार वाढली आहे. ती जास्त झोपायला लागली किंवा काहीबाही बोलायला लागली तर लगेच सांगा.

आता झोपलेलं माणूस शुद्धीत आहे की नाही हे मी कसं ओळखणार? दुसरं काही येत नव्हतं म्हणून फुटबॉलचं विचारायला लागले. थोड्या थोड्या वेळानं हलवायची.

"काजल, कोपऱ्यावरून चेंडू आला तर कुठं उभी राहशील?"

"लांबच्या खांबाकडं."

"काहून?"

"पुढं धावता येतं आजी. मागं न्हाई."

"धुऱ्यावर कोण?"

"वनिता. सुरेखा." आणि डोळे मिटायची.

बाजूच्या खाटेवरची बाई म्हणाली, "अहो, निजू द्या ना लेकराला. परीक्षा घेऊन राहिल्या का?" म्हटलं, व्हय, परीक्षाच.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी विचारलं, कोपऱ्यावरून चेंडू आला तर? ती माझ्याकडे बघत राहिली. परत विचारलं. तिचे ओठ हलले. "याडी," म्हणाली. तांड्यावर आईला म्हणतात तसं. मी म्हटलं, मी आजी हाय गं, खांब कोणता ते सांग. ती पुन्हा म्हणाली, "याडी." मला आई समजली होती की आईला बोलवत होती, मला कळलं नाही. मी ओरडत नर्सकडे धावले. इतकं भ्यायलेली मी नवरा गेला तेव्हाही नव्हते, कारण त्याच्यासाठी मी कुणाला जबान दिलेली नव्हती.

सुया झाल्या, बाटल्या झाल्या. संध्याकाळी तिनं पाणी मागितलं, मराठीत. मी खांबाचं विचारलं तर कुरकुरली, "सांगितलं ना एकदा."

केसरबाई दुसऱ्या सकाळी आली. उसाच्या पाचटानं हात ओरबाडलेले, अंगावर तोडीचंच लुगडं. लेकीचे डोळे उघडून बघितले. मग मला म्हणाली, "मावशी, एक विचारू? तुमची नात असती तर दिसलं असतं का?"

मी म्हटलं, "न्हाई. तिचेबी हात पिवळेच असते."

तिनं लेकीच्या अंगावरची चादर सारखी केली. पटलं की नाही ते मला ठाऊक नाही. मलाही ते पूर्ण पटलेलं नाही. नात असती तर मी तिला सगळ्यांदेखत "झोपली का" म्हणून ओरडले असते का, हे मला सांगता येत नाही. वर्षभर विचार करते आहे.

काजल उठली. तीन महिने धावायचं नाही म्हणून सांगितलं होतं. पावसाळ्यात पुन्हा मैदानात आली, आधी नुसती बसायला, मग गोलात. या दिवाळीनंतर केसरबाई माझ्या दारात तिचं गाठोडं घेऊन उभी राहिली.

"ठेवून चालले, मावशी."

मी म्हटलं, "नगं. घेऊन जा."

"मी काही म्हणून राहिले का तुमाला?"

"तू न्हाई म्हणालीस. मीच म्हणते. माझ्यानं व्हत न्हाई."

काजल मागं उभी होती. तिनं गोलातले हातमोजे काढून ओट्यावर ठेवले. म्हणाली, "वनिताला द्या. घट्ट होतील, शिवण जरा उसवा." आणि आईच्या आधी चालायला लागली.

आता सामन्यांना पंधरा दिवस आहेत आणि गोलात वनिता आहे. पोरगी दणकट आहे, धुऱ्यावर तिच्यासारखी दुसरी नाही. पण चेंडू आला की डोळे मिटते. सरांनी तिला मागून काढून गोलात घातली, त्यामुळं धुराही फुटला आणि गोलही. मी सांगितलं, सुरेखाला गोलात घाला, ती निदान बघते तरी. सर म्हणाले, तिची उंची? म्हटलं, उंची नसली तर उडी असते, डोळे मिटले तर काहीच नसतं. दोन पोरी यंदा दहावीला, त्या जाणार. एकीला बघायला पाहुणे येऊन गेले. सरांच्या बदलीचं कानावर येतं आहे. पुढच्या वर्षी अकरा पोरी उभ्या राहतील की हळदीला पूर्ण मैदान मिळेल, देव जाणे. गावात कुणाला त्याचं काही नाही. मैदान मोकळं झालं तर वाळवणाला बरंच म्हणतील.

रोज संध्याकाळी पोरी खेळायला आल्या की मी एकेकीला ओट्याजवळ बोलावते आणि खालची पापणी ओढून बघते. त्या चेष्टा करतात, "आजी, आरसा पाहिजे का?" करू देत. बघून झालं की मी आत येते आणि मला आठवतं, एकीचे डोळे बघायचे राहिले.

तिकडं ती पाटाचं पाणी पिते. डोक्यावर मोळी घेऊन गाडीवर चढते. भल्या पहाटे उठते. तिकडं तिचे डोळे कोण बघतं? केसर बघत असेल, पण उसात वाकलेलं माणूस किती बघणार? मी नको म्हटलं तेव्हा वाटलं होतं, धोका टळला. टळला नाही. मी तो दुसरीच्या दारात नेऊन ठेवला आणि आपली कडी लावून घेतली. घाबरट माणसाचं असंच असतं, त्याला वाटतं आपल्याला दिसत नाही म्हणजे नाही.

आणि खरं सांगायचं तर मला गोलातही तीच पाहिजे. तिची काळजी किती आणि जिंकायची हाव किती, याची वाटणी मला करता येत नाही. दोन्ही एकाच वाफेत शिजलेलं आहे.

आज दुपारी वनितानं दोन गोल सोडले, दोन्ही डोळे मिटून. मी उठले, सरांकडून फोन घेतला आणि केसरबाईला लावला. तिकडं कोयत्यांचा आवाज येत होता.

"केसर, पोरगी पाठवून दे."

"काहून? दिवाळीला तर नगं म्हणल्या."

"तवा भेव वाटत व्हतं."

"आता न्हाई वाटत?"

"आता जास्त वाटतं."

कोयते चालूच होते. मग तिनं कुणाला तरी तांड्याच्या बोलीत काही सांगितलं आणि फोनवर परत आली.

"एकलं लेकरू येवढ्या लांब गाडीत घालायची न्हाई मी. घ्यायला कोण येतंय?"

मी नांदेडच्या पलीकडे कधी गेले नाही. सांगली कोणत्या दिशेला आहे तेही मला ठाऊक नाही.

"मी येते," म्हटलं.